डॉक्टरांच्या चुका छापणाऱ्या डॉक्टरने सुरू केलं होतं 'द लॅन्सेट'

कोरोनाच्या काळात 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासाची एखादी तरी बातमी तुमच्या मोबाईलवर आली असेल. आज या जर्नलमध्ये लेख छापण्याआधी दुसरे तज्ज्ञ तो तपासतात. पण २०० वर्षांपूर्वी इथं थेट मोठमोठ्या डॉक्टरांचीच झाडाझडती व्हायची. ती घेणारा माणूस म्हणजे थॉमस वॅकली.

वॅकलीचा जन्म १७९५ चा, इंग्लंडमधल्या डेव्हनमधल्या शेतकरी घरातला. लंडनमध्ये तो सर्जन झाला. १८२० मध्ये एका टोळक्याने त्याला मारहाण केली, घर जाळलं. विमा कंपनीने त्याच्यावरच संशय घेत पैसे अडवले. वॅकली कोर्टात गेला आणि जिंकला, पण प्रॅक्टिस बसली ती बसलीच.

५ ऑक्टोबर १८२३ ला, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याने 'द लॅन्सेट' हे साप्ताहिक काढलं. लॅन्सेट म्हणजे सर्जनचं छोटं धारदार हत्यार. तेव्हा लंडनच्या हॉस्पिटलमध्ये वशिलेबाजी जोरात होती. बड्या सर्जनची लेक्चर्स ऐकायला विद्यार्थी भरमसाठ फी मोजायचे. वॅकलीने ती लेक्चर्स सरळ छापून टाकली.

मोठा राडा झाला तो १८२८ मध्ये. गाय्ज हॉस्पिटलमध्ये ब्रान्सबी कूपर यांनी मुतखड्याचं ऑपरेशन केलं. भूल देण्याची सोय नव्हती, त्यामुळे असं ऑपरेशन काही मिनिटांत उरकायचे. हे जवळपास तासभर चाललं आणि पेशंट दगावला. कूपर यांना ही जागा नामांकित सर्जन असलेल्या काकांमुळे मिळाली, असं वॅकलीने छापलं. कूपर यांनी २,००० पौंडांचा दावा ठोकला. कोर्टाने त्यांना फक्त १०० पौंड मिळवून दिले.

वॅकली पुढे खासदार झाला, मग कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. १८४६ मध्ये १५० फटके खाल्लेला एक सैनिक मेला, तेव्हा फटक्यांचा मृत्यूशी संबंध नाही असं लष्करी डॉक्टर सांगत होते. वॅकलीच्या चौकशीत तो संबंध समोर आला. १८५० च्या दशकात 'लॅन्सेट'ने भेसळ करणाऱ्या दुकानदारांची नावं पत्त्यासकट छापली. १८६० मध्ये ब्रिटनमध्ये भेसळविरोधी कायदा आला.

पण वॅकलीही चुकला. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे सांगणाऱ्या जॉन स्नो यांची 'लॅन्सेट'ने टर उडवली. १८५८ मध्ये स्नो गेले, तेव्हा छापलेल्या चार ओळींत कॉलऱ्याचा उल्लेखही नव्हता.

१८६२ मध्ये वॅकली गेला. स्नो यांच्याबद्दलची दुरुस्ती 'लॅन्सेट'ने छापली २०१३ मध्ये. दुसऱ्यांच्या चुका छापायला निघालेल्या जर्नलला स्वतःची ही चूक छापायला १५५ वर्षं लागली.