आकड्यांचे खेळगडी : देवळालीचे कापरेकर

नगर जिल्ह्यात देवळाली म्हटले की राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा डोळ्यांपुढे येते. जगभरच्या गणितप्रेमींना मात्र ओळखीची आहे ती नाशिकजवळची दुसरी देवळाली. आणि तीही तेथल्या लष्करी छावणीमुळे नव्हे, तर एका शाळामास्तरांमुळे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. मोबाइलवर डाउनलोड केलेल्या खेळात गोंडस ससे नि अस्वले जुळवीत बसणाऱ्या आजच्या मुलांना कदाचित पटणार नाही. पण कागद आणि पेन्सिल एवढ्याच सामग्रीवर या गृहस्थांनी उभ्या जगाला पुरतील अशी कोडी रचून ठेवली.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील पेशाने कारकून. पण त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला लागली ती त्यांच्यामुळे. आठव्या वर्षीच आईचे छत्र हरपले. शालेय शिक्षण ठाण्यात झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ मध्ये, त्यांना स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी हाती आली. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनाची दीक्षा देणारा गुरू नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत शिक्षकाची नोकरी केली.

संख्यांना ते आपल्या सवंगड्यांसारखी नावे देत. मुंबईपासून तीस मैलांवरील रेल्वे स्थानकात सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकाचेच ‘डेम्लो’ हे नाव दिले; ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’. रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ हीसुद्धा हर्षदच, कारण तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळविले की दुसरी संख्या जन्मते. २१ मध्ये २ आणि १ मिळविले की २४. मात्र २० ही संख्या अशा रीतीने कोणाच्याच पोटी येत नाही. अशा बिनजनकाच्या संख्या त्यांच्या लेखी ‘स्वयंभू’ ठरल्या.

त्यांना अजरामर केले ते ६१७४ या संख्येने. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१ येतात. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. तेथून हलणे नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. सातांहून अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत. १९४६ च्या सुमारास गवसलेली ही गंमत त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली.

विद्वानांच्या सभेत मात्र तिचे कौतुक बेताचेच झाले. अनेक भारतीय गणितज्ञांना हे सारे पोरखेळ वाटे. खरे तर पोरांना कळेल इतके सोपे असणे हा त्या शोधाचा दोष कसा ठरावा? पण प्रतिष्ठित नियतकालिकांची दारे त्यांच्यासाठी क्वचितच उघडली. तुटपुंज्या पगारातून पदरमोड करून ते परिषदांना जात आणि आपल्या पुस्तिका स्वत:च छापीत. शाळाशाळांतून मात्र त्यांना आग्रहाची बोलावणी येत. मित्रमंडळींत ते ‘गणितानंद’ होते.

निवृत्तीनंतरचे दिवस ओढगस्तीचे गेले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. नाशिकमध्ये अगदी स्वस्तातल्या खोलीत राहूनही निवृत्तिवेतन पुरेना. म्हणून ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत. अशा वेळी, मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. सत्तरीच्या या मास्तरांचे नाव त्या एका लेखाने देशोदेशी पोहोचले. ज्यांनी पूर्वी नाके मुरडली होती, त्यांनाही आता दखल घेणे भाग पडले. आज ‘कापरेकर स्थिरांक’ ही संज्ञा जगभर रूढ आहे आणि संगणकाची आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ६१७४ चे कोडे हमखास घातले जाते.

१९८६ मध्ये कापरेकर निवर्तले. त्या वर्षाचे अंक घेऊन तोच खेळ मांडला, तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येतात. म्हणजे जन्मवर्षाची वाट दुसऱ्या पायरीवर जेथे पोहोचली होती, तेथेच मृत्युवर्षाची वाट तिला येऊन मिळते, आणि पुढचा प्रवास दोन्ही वर्षे एकत्रच करतात.