दानशूर डेव्हिड ससून

पुण्यात किंवा पुणे जिल्ह्याच्या एखाद्या खेड्यात कोणी अत्यवस्थ झाले, की घरातली वडील माणसे म्हणतात, ससूनला न्या. मुंबईच्या कुलाब्याला कोळिणी पहाटे मासळीच्या लिलावासाठी जातात, तो धक्काही ससूनचाच. काळा घोड्याजवळच्या जुन्या दगडी वाचनालयालाही हेच नाव आहे. हे नाव आपल्या तोंडात इतके रुळले आहे, की ते एका माणसाचे नाव आहे हे आपण विसरून गेलो आहोत. तो माणूस यहूदी होता, परदेशातून जीव वाचवून आलेला होता, आणि त्याच्या दानाचा ओघ आपल्या महाराष्ट्रातून जगाच्या दूर कोपऱ्यांपर्यंत गेला. त्याच्या आयुष्यातून आम्हा ख्रिस्ती लोकांना पुष्कळ शिकण्यासारखे आहे, म्हणून या अंकात आम्ही डेव्हिड ससून यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदाद येथे झाला. देवाच्या लोकांना बाबेलात पाडाव करून नेले होते, हे पवित्र शास्त्राच्या वाचकांना ठाऊकच आहे. त्यांतले काही यरुशलेमेस परतले, पण बरेच जण तेथेच राहिले. बगदादचे यहूदी आपले मूळ त्या पाडावापर्यंत नेतात. डेव्हिडचे वडील बगदादच्या तुर्की पाशांचे खजिनदार होते आणि तेथील यहूदी समाजाचे पुढारीही होते. घर सधन होते, मान मोठा होता. परंतु दाऊद पाशाच्या अमलात यहूद्यांचा छळ सुरू झाला, पैशासाठी श्रीमंतांना धमकावण्यात येऊ लागले, आणि या घराण्याला इराणी आखाताच्या काठी बुशहर येथे आश्रय घ्यावा लागला. काल ज्यांच्या दारी लोक मदतीसाठी येत होते, ते आज स्वतःच परक्या गावी आश्रित झाले. १८३२ च्या सुमारास डेव्हिड ससून आपल्या कुटुंबासह मुंबईस येऊन स्थायिक झाले. त्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते.

मुंबईत त्यांनी आखाताशी चालणाऱ्या व्यापारापासून सुरुवात केली. कापूस, कापड, धान्य अशा अनेक वस्तूंची त्यांची उलाढाल वाढत गेली. चीनशी व्यापार खुला झाल्यावर त्यांनी १८४४ साली आपला मुलगा इलियास याला तिकडे पाठविले. आठ मुलगे होते. ते एकामागून एक दूरदूरच्या बंदरांत पेढ्या सांभाळू लागले. वडील मात्र शेवटपर्यंत जुन्या वळणाचे राहिले. पोशाख बगदादचा, घरातली बोली अरबी, प्रार्थना इब्री. १८५३ साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हा त्यांनी कागदावर सही केली ती इब्री अक्षरांतच. शब्बाथ व सण ते कसोशीने पाळीत.

त्यांच्या दानधर्माचे मूळ समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गरिबाला मदत करणे यासाठी इब्री भाषेत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ नीतिमत्त्व किंवा न्याय असा आहे. शेताच्या कडेची कणसे गरिबासाठी सोडावी, तिसऱ्या वर्षीचा दशमांश अनाथ, विधवा व उपऱ्यासाठी ठेवावा, असे नियमशास्त्रात सांगितले आहे. तेव्हा गरिबाला देणे ही श्रीमंताची मेहेरबानी नसून गरिबाचा त्यावर हक्कच आहे, अशी यहूद्यांची समजूत आहे. बाराव्या शतकात होऊन गेलेले यहूदी पंडित मायमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. नाखुशीने देणे ही सर्वांत खालची पायरी. देणारा कोण हे घेणाऱ्याला कळू नये आणि घेणारा कोण हे देणाऱ्याला कळू नये, ही वरून दुसरी. आणि सर्वांत वरची कोणती? गरजवंताला काम देऊन, कर्ज देऊन किंवा भागीदार करून घेऊन असे उभे करावे, की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये.

ससून या सर्वांत वरच्या पायरीवर चालले. बगदादमध्ये आणि आसपासच्या मुलखात हलाखीत दिवस काढणाऱ्या यहूदी तरुणांना त्यांच्या पेढीने मुंबईला बोलावून घेतले, हिशेब व भाषा शिकविल्या, आणि कलकत्ता, शांघाय, हाँगकाँग येथील कामावर नेमले. या परागंदा लोकांच्या राहण्याची, मुलांच्या शिक्षणाची, उपासनेची, आजारपणाची आणि शेवटी मातीची सोय व्हावी याकडे ससून घराण्याने लक्ष दिले. मुंबईत भायखळ्याला १८६१ साली त्यांनी मागेन डेव्हिड हे सभास्थान बांधविले. पुण्याच्या लष्कर भागात ओहेल डेव्हिड या सभास्थानाचे काम १८६३ मध्ये सुरू झाले. नव्वद फूट उंच मनोऱ्याच्या या तांबड्या इमारतीला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. मागे राहिलेल्या बगदादलाही हे घराणे विसरले नाही. तेथील यहूदी मुलांच्या आधुनिक शाळेला पुढे डेव्हिड यांचा वडील मुलगा अब्दुल्ला, म्हणजेच सर आल्बर्ट ससून, याने इमारत बांधून दिली. ज्या शहरातून पळावे लागले, त्याच शहरातल्या मुलांसाठी शाळा उभी राहिली.

आपल्या लोकांसाठी इतके करणारा माणूस तेवढ्यावरच थांबला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. पण ज्या देशाने आसरा दिला त्याचेही आपण देणे लागतो, असे त्यांनी मानले. चुकीच्या वाटेला लागलेल्या अल्पवयीन मुलांना तुरुंगात न टाकता धंदेशिक्षण द्यावे, म्हणून मुंबईत जी संस्था चालत होती, तिला १८५७ पासून त्यांच्या देणगीमुळे त्यांचे नाव मिळाले. सुतारकाम, लोहारकाम शिकून मुलाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हाच तेथला हेतू. म्हणजे पुन्हा तीच वरची पायरी. टांकसाळीतल्या व सरकारी गोदीतल्या कारागिरांनी १८४७ साली वाचनासाठी एक मंडळ काढले होते. त्याच्या इमारतीसाठी ससून यांनी साठ हजार रुपये दिले, आणि १८७० साली ती इमारत पुरी झाली. पुण्यात अपंग व निराधार वृद्धांसाठी त्यांच्या नावाचे आश्रयस्थान निघाले. आणि त्यांच्या देणगीतून उभारलेले पुण्याचे रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. तेथे गेलेल्या रोग्याला तू यहूदी आहेस काय असे कोणी विचारले नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, महार, मांग, ब्राह्मण, सर्वांसाठी ते दार उघडे होते.

हे रुग्णालय उघडलेले पाहण्यास मात्र ते जिवंत नव्हते. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे.

येथपर्यंतची हकीकत ऐकून मन प्रसन्न होते. परंतु पवित्र शास्त्र दावीद राजाची थोरवी सांगताना त्याचे दोष झाकीत नाही, तेव्हा आम्हीही पुढच्या दोन गोष्टी झाकून ठेवणे बरे नव्हे.

पहिली गोष्ट अफूची. ससून यांच्या संपत्तीचा मोठा वाटा माळव्याची अफू चीनला पाठविण्याच्या व्यापारातून आला. हा व्यापार त्या काळी कायदेशीर होता, इंग्रज सरकार त्यावर महसूल घेत होते, आणि मुंबईचे इतर नामांकित व्यापारीही तो करीत होते. पण त्या अफूने चीनमधली असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. तेथे काम करणाऱ्या मिशनरींनी या व्यापाराविरुद्ध पुढे मोठा आवाज उठविला. तेव्हा एका बंदरातून येणाऱ्या पैशाने एका शहरात रोगी बरे होत होते, आणि दुसऱ्या देशात माणसे रोगी होत होती. एवढे मोठे दानही त्या पैशाचा डाग धुऊन काढू शकत नाही. तसेच त्या डागामुळे रुग्णालयात वाचलेले प्राणही खोटे ठरत नाहीत. दोन्ही हिशेब देवापुढे उघडे आहेत. आपण दानपेटीत जे टाकतो ते कोठून आणि कसे मिळविले, हा प्रश्न श्रीमंत व्यापाऱ्यापुरता नाही. लाच घेऊन, मजुराची मजुरी बुडवून किंवा विधवेची जमीन दाबून उत्सवाला मोठी वर्गणी देणारे हात आपल्यातही असू शकतात.

दुसरी गोष्ट भिंतीची. ससून मुंबईत आले तेव्हा तेथे यहूदी आधीपासून होते. ते बेने इस्राएल. कित्येक शतके कोकणात राहून ते मराठीच बोलत, तेल गाळीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी गावावरून पडलेली त्यांची आडनावे. समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले सभास्थान बांधले होते. आमच्या मंडळीचाही या लोकांशी जुना संबंध आहे. अमेरिकन मिशनच्या कोकणातील शाळांत त्यांची मुले शिकली, आणि डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली, म्हणजे ससून मुंबईस आले त्याच सुमारास, त्यांच्यासाठी मराठीतून इब्री व्याकरण लिहिले.

आरंभी बगदादचे यहूदी बेने इस्राएलांच्याच सभास्थानात प्रार्थनेला जात. मग वेगळेपणाची भाषा सुरू झाली. हे खरे यहूदी आहेत काय, यांचे विवाह नियमशास्त्राप्रमाणे झालेले आहेत काय, अशा शंका निघाल्या. १८३६ साली बगदादी यहूद्यांनी सामाईक दफनभूमीत दोघांच्या कबरींमध्ये भिंत घालावी अशी मागणी केली. ज्या समाजाचे पुढारीपण ससून घराण्याकडे होते, त्या समाजातला हा दुरावा त्यांच्या हयातीत मिटला नाही. रुग्णालयात कोणाचीही जात न विचारणाऱ्या समाजाला आपल्याच धर्मबंधूच्या शेजारी मातीत निजणे जड वाटले. बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहूदी आहेत, असे इस्राएलच्या संसदेने १९६४ साली जाहीर केले, तेव्हा कुठे हा वाद अधिकृतपणे संपला.

वाचकहो, या भिंतीला आपण नावे ठेवण्याआधी आपल्या गावची ख्रिस्ती दफनभूमी पाहावी. एका प्रभूच्या मेजावर बसणाऱ्यांनी पूर्वीच्या जातींप्रमाणे कबरींच्या ओळी आणि सोयरिकी वेगळ्या ठेवल्या, अशी उदाहरणे आपल्यात नाहीत काय? परक्याला देणे पुष्कळदा सोपे असते. तो दुरून घेतो व दुरून निघून जातो. आपल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला बरोबरीचा मान देणे हे फार अवघड दान आहे.

तरीही देवाने या दानाचा ओघ त्या भिंतीपाशी अडू दिला नाही. हायम सामुएल केहिमकर व त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी एक शाळा सुरू केली. मुलांची फी आणि वर्गणी यांवर ती कशीबशी चाले. इकडे १८८० साली बगदादचा एली कदुरी नावाचा एक किशोर ससून घराण्याच्याच एका पेढीत कारकून म्हणून चीनला गेला. पुढे त्याने स्वतंत्र धंदा केला, मोठा धनवान झाला, आणि अनेक देशांत शाळा उघडल्या. विसाव्या शतकात त्याच्या देणगीमुळे केहिमकरांच्या त्या शाळेला आधार मिळाला व तिला सर एली कदुरी हे नाव लाभले. म्हणजे डेव्हिड ससून यांनी घालून दिलेल्या वाटेने ज्या बगदादी मुलाच्या हाताला काम मिळाले, त्याच हाताने मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांना मदत केली. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएल देशी गेले. शाळा मात्र माझगावात राहिली, आणि इतर धर्मांची मुले तेथे शिकू लागली.

प्रेषित पौलानेही अशीच एक वर्गणी गोळा केली होती. यरुशलेमेतील पवित्र जनांमध्ये जे गरीब होते, त्यांच्यासाठी मासेदोनिया व अखया येथील परराष्ट्रीय मंडळ्यांनी पैसे दिले. त्याविषयी रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो, की परराष्ट्रीय लोक यहूद्यांच्या आध्यात्मिक आशीर्वादांचे वाटेकरी झाले आहेत, म्हणून ते त्यांचे ऋणी आहेत. संदेष्टे, स्तोत्रे आणि स्वतः प्रभू येशू ख्रिस्त देहाने आपल्याला त्याच राष्ट्रातून मिळाले. पुण्याच्या रुग्णालयाचा विचार केला तर हे ऋण आणखी वाढले आहे. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशांनी यहूद्यांना शतकानुशतके छळले, आणि एका यहूद्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या खाटेवर आमची कित्येक माणसे बरी झाली. यहूदी शेजाऱ्याविषयी आमच्या घरांत व वर्गांत तुच्छतेचा एकही शब्द निघू नये, एवढी तरी फेड आपण करावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी दशमांशाचा धडा घेताना मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी. मुलांना तीन प्रश्न विचारावे. मी जे देतो ते प्रामाणिकपणे मिळविलेले आहे काय? माझ्या देण्याने घेणारा स्वतःच्या पायावर उभा राहील काय? आणि माझ्या दानाच्या भिंतीबाहेर मी कोणाला ठेवले आहे? ससून यांच्यापाशी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उत्तम होते, पहिल्या व तिसऱ्याचे तसे नव्हते. आपल्यापाशी त्यांची संपत्ती नाही. पण विधवेच्या दोन टोल्या मोजणारा प्रभू आपलेही देणे मोजीत आहे, आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तो आपल्याकडे मागणार आहे.