फ्रेडरिक पेथिक-लॉरेन्स
फ्रेडरिक विल्यम पेथिक-लॉरेन्स, पहिले बॅरन पेथिक-लॉरेन्स (२८ डिसेंबर १८७१ – १० सप्टेंबर १९६१) हे मजूर पक्षाचे इंग्लिश राजकारणी होते. मूळ आडनाव लॉरेन्स. १९०१ मध्ये एमेलिन पेथिक यांच्याशी विवाह झाल्यावर दोघांनी जोडआडनाव स्वीकारले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी उभयतांनी १९१२ मध्ये कारावास भोगला. तुरुंगात उपोषण करणाऱ्या लॉरेन्स यांना बळजबरीने अन्न भरवण्यात आले. पुढे खटल्याच्या खर्चापायी दिवाळखोरीही ओढवली. इतके सोसूनही त्याच वर्षी पँकहर्स्ट मायलेकींनी या दांपत्याला संघटनेतून दूर केले. १९२३ मध्ये लेस्टर वेस्टमधून त्यांनी विन्स्टन चर्चिल यांचा पराभव केला. १९४५ मध्ये उमरावपद व भारतमंत्रिपद मिळाले. १९४६ च्या त्रिमंत्री शिष्टमंडळात ते होते. एमेलिन १९५४ मध्ये निवर्तल्या. १९५७ मध्ये त्यांनी जुन्या चळवळीतील सहकारी हेलन क्रॅग्ज यांच्याशी विवाह केला. अपत्य नसल्याने उमरावपद त्यांच्याबरोबरच संपुष्टात आले.