लक्ष्मीबाई टिळक : विरहाची पाच वर्षे

ज्याच्याशी जन्माची गाठ पडली त्याचे मन एकाएकी दूर जावे, आणि ते कोठे गेले हेही आपणांस कळू नये, यासारखे दुःख संसारात थोडेच असेल. हे दुःख लक्ष्मीबाई टिळक यांनी भोगले, व त्यातून त्या कशा पार पडल्या हे आपल्या मंडळ्यांतील प्रत्येक घराने जाणून घेण्याजोगे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखले यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरी सोवळ्याओवळ्याचा अतिशय कडक बंदोबस्त होता. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक मोठे बुद्धिमान, कविहृदयाचे, परंतु स्वभावाने अस्थिर. कोणास न सांगता घर सोडून जावे, आणि मनास येईल तेव्हा परत यावे, असा त्यांचा क्रम असे. तथापि लक्ष्मीबाईंना अक्षरओळख त्यांनीच करून दिली, आणि हेच अक्षर पुढे त्यांच्या कामी आले.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांस नवा करार दिला. तो वाचता वाचता त्यांचे मन पालटू लागले. ख्रिस्ती मंडळींशी त्यांचा पत्रव्यवहार चाले, पण तो गुप्तपणे. ज्या विचाराने पतीचे सर्व चित्त व्यापिले होते, त्यात पत्नीस वाटा नव्हता. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही बातमी ऐकून लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा. पती जिवंत, पण घरात नाही. आणि लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? शोकाने त्यांची प्रकृती खालावली.

यापुढील चार-पाच वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरास गेला. या काळात त्यांनी तीन गोष्टी केल्या. बहीण व मेव्हणे यांच्यासारख्या मायेच्या माणसांचा हात त्यांनी सोडला नाही. मनातील दुःख मनातच कुजू न देता ते कवितेत ओतले. त्यांच्या काव्यलेखनास या विरहातच बहर आला. आणि पतीशी पत्रांची वाट त्यांनी कधी पूर्णपणे बंद केली नाही. राग होता, तरी दार बंद नव्हते.

टिळकांच्याही बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८६६ सालच्या कायद्याप्रमाणे, जो मनुष्य ख्रिस्ती झाला व ज्याची पत्नी त्या कारणावरून नांदावयास येत नाही, त्याला कोर्टाकडून विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी ही वाट धरली नाही. ते थांबले.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे आल्या, त्या आपला धर्म घेऊनच आल्या. त्यांचे पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. एका छपराखाली दोन चुली पेटत, आणि पतीने त्याची सक्तीने एक चूल केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने त्यांस पटले की, माणसामाणसांतील जातिभेद देवाने केलेला नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या निश्चयाने.

नंतर उभयतांचा संसार अनाथांनी व आश्रितांनी भरून गेला. बालकवी ठोंबरे यांसही त्या घरी आसरा मिळाला. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांनी आरंभिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. स्मृतिचित्रे हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ सालापासून भागाभागाने छापून निघाले. त्यात पतीचे दोष झाकलेले नाहीत, आणि पतीवरील प्रेमही झाकलेले नाही. १९३६ साली त्यांचा अंत झाला.

वाचकहो, आपल्या माणगाव भागातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या पुरुषांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या मोठी आहे. एखाद्याची खबर तुटक होते. सुटीला घरी आला तरी तो मुका असतो. घरची बाई सासूला विचारते, शेजारणीला विचारते, आणि शेवटी स्वतःलाच दोष देऊ लागते. अशा बहिणीने लक्ष्मीबाईंचे चरित्र ध्यानी घ्यावे. दूर गेलेल्या मनाला बळाने ओढून आणता येत नाही. पण आपण एकटे राहू नये, दुःख बोलावे किंवा लिहावे, आणि बोलण्याची वाट उघडी ठेवावी.

पुरुषांनीही यातून बोध घ्यावा. टिळकांचा निश्चय खरा होता, तरी तो सहधर्मचारिणीपासून लपविल्याने तिला मरणप्राय दुःख झाले. मनात जे चालले आहे ते घरी वेळेवर सांगावे. आणि उपदेशक बंधूंनी, पती पुढे गेला व पत्नी मागे राहिली असे घर पाहिले, तर त्या बाईस घाई करू नये. तिची निराळी चूल काही काळ पेटू द्यावी.