जो गूल्ड व त्याचा न लिहिलेला इतिहास

ग्रंथ लिहून कीर्ति मिळविलेले पुरुष पुष्कळ आहेत. आज आम्ही अशा एका मनुष्याचें चरित्र सांगतों, कीं ज्याची कीर्ति ग्रंथामुळें झाली, परंतु तो ग्रंथ बहुतांशीं लिहिलाच गेला नव्हता.

जोसेफ फर्डिनंड गूल्ड ह्याचा जन्म १८८९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत एका डॉक्टराच्या घरीं झाला. हार्वर्ड विद्यापीठांत शिकून पुढें तो न्यूयॉर्क शहरीं आला व कांहीं काळ बातमीदार झाला. राजांच्या लढाया म्हणजे इतिहास नव्हे, सामान्य माणसें रस्त्यांत व खाणावळींत जें बोलतात तोच खरा इतिहास, हें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें नोकरी सोडली व तें बोलणें वह्यांत टिपून मौखिक इतिहास रचीत असल्याचें तो सांगूं लागला.

त्यास घर नव्हतें. रात्री तो गरिबांच्या मुसाफिरखान्यांत निजे. खाणावळींत टोमॅटोची चटणी फुकट मिळे, तीच तो पोटभर खाई. समुद्रपक्ष्यांची भाषा आपणांस येते असें म्हणून तो हात फडफडवी, व लोक हंसून त्यास नाणीं देत. जोसेफ मिचेल ह्या लेखकानें १९४२ सालीं न्यूयॉर्कर साप्ताहिकांत त्याचें शब्दचित्र छापलें, तेव्हां तो प्रसिद्धीस आला.

१९५७ सालीं गूल्ड मनोरुग्णालयांत मरण पावला. मित्रांनीं शोध केला, पण तो प्रचंड ग्रंथ सांपडला नाहीं. पित्याचा मृत्यु व अशींच थोडीं प्रकरणें तो पुनःपुनः लिहीत असे, हें मिचेलनें १९६४ सालीं प्रकट केलें. पुढें इतिहासकार जिल लेपोर ह्यांनीं त्याची दुसरी बाजूहि दाखविली: अगस्टा सॅव्हेज ह्या शिल्पकार स्त्रीस त्यानें फार उपद्रव दिला होता. ज्यास लोक गंमत समजत, तो पुष्कळसा मनाचा आजार होता.

२००० सालीं स्टॅन्ली टुची ह्यांनीं ह्या कथेवर बोलपट काढला. इयन होम गूल्ड झाले, व टुची स्वतः मिचेल. कौतुक करणें सोपें, परंतु रोज दारीं येणाऱ्या दुःखिताचा भार वाहणें किती कठीण, हें त्यांत उत्तम दिसतें.

गूल्डची कल्पना मात्र खोटी नव्हती. १९४८ सालीं त्याच शहरांतील कोलंबिया विद्यापीठानें मौखिक इतिहासाचें कार्य पद्धतशीर सुरू केलें. कल्पना थोर असली तरी रोजचें पान रोज लिहिल्यावांचून ग्रंथ होत नाहीं. तसेंच, वेड्याचें हंसें करून नाणें टाकणें म्हणजे दया नव्हे. ह्या सुटींत आपल्या आजीजवळ बसून तिच्या बालपणाची हकीकत विचारा, आणि ती त्याच दिवशीं वहींत उतरून ठेवा, एवढेंच आमचें सांगणें आहे.