40 दिवसांचे असताना पेशवे झाले आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्यांनी गेंडाही पाळला होता

रविवारी पोरांना कुठं न्यायचं? भोसरीकरांसाठी सगळ्यात जवळचं उत्तर म्हणजे आपलं सहल केंद्र. तळं आहे, झाडं आहेत, खेळायला मोकळी जागा आहे. जरा लांब जायची तयारी असेल तर चिंचवडचं सायन्स पार्क. पण हाच प्रश्न आई-बाबांच्या पिढीला विचारून बघा. ते हमखास पेशवे पार्कचं नाव घेतात. बसनं स्वारगेटला उतरायचं, प्राणी बघायचे, फुलराणीत बसायचं आणि दमून घरी यायचं.

पुणे महापालिकेनं हे पार्क 1953 साली सुरू केलं. पण पर्वतीच्या पायथ्याशी प्राणी आले ते त्याच्याही दीडशेहून जास्त वर्षं आधी. ते ज्यांच्या हौसेपायी आले, त्यांचं नाव सवाई माधवराव पेशवे.

सवाई माधवरावांच्या जन्माआधीच त्यांचे वडील गेले होते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नारायणरावांचे काका रघुनाथराव गादीवर बसले. मग नाना फडणवीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांच्याविरुद्ध कट केला. हेच ते बारभाई. त्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवलं. तिथं 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला आणि 40 दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. मान धरता येत नव्हती, पण राज्य त्याच्या नावावर झालं होतं.

रघुनाथराव इंग्रजांकडं गेले आणि युद्ध पेटलं. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून घाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी तळेगावजवळ कोंडीत पकडलं आणि वडगावला तह करायला लावला. हे वडगाव म्हणजे आपल्या जुन्या मुंबई हायवेवरचं वडगाव मावळ. ज्यांच्या गादीसाठी हे सगळं चाललं होतं ते पेशवे तेव्हा 4 वर्षांचे होते. आई दोन वर्षांपूर्वीच वारली होती. 1783 मध्ये त्यांचं लग्न झालं, तेव्हाही ते 9 वर्षांचे झाले नव्हते.

कारभार नाना फडणवीसांच्या हातात होता. नानांनी राज्य सांभाळलं यात वाद नाही, पण ते पेशव्यांनाही तितक्याच कडक पहाऱ्यात सांभाळत होते. कुणाला भेटायचं, कुणाशी बोलायचं, सगळ्यावर लक्ष. अशा मुलाला प्राण्यांचा लळा लागला तर नवल नाही. प्राणी राजकारण करत नाहीत, असं आपलं मला वाटतं.

पर्वतीखाली त्यांचा शिकारखाना होता. नाव शिकारखाना असलं तरी होता तो प्राणिसंग्रह. 1786 पासून चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील पुण्यात होता. त्याच्यासाठी काम करणारा इथलाच चित्रकार गंगाराम तांबट यानं 1790 साली या संग्रहातल्या गेंड्याचं चित्र काढलं. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुण्यात गेंडा होता याचा एवढा पक्का पुरावा दुसरा कुठला हवा? जवळच्या तळ्यात 1784 साली बसवलेला गणपतीही सवाई माधवरावांच्याच काळातला. तोच आपला सारसबागेतला तळ्यातला गणपती. तळं पुढं बुजवलं गेलं आणि तिथं बाग झाली.

मार्च 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. 20 वर्षांचे पेशवे तेव्हा फौजेसोबत होते. त्याच वर्षी त्यांनी चुलतकाका बाजीरावाशी चोरून पत्रव्यवहार केल्याचं उघडकीला आलं आणि नाना भडकले. पहारा आणखी आवळला गेला. बाजीराव हा रघुनाथरावांचा मुलगा, त्यामुळं नानांची भीती समजू शकते. पण पोरगं एकटं होतं, हेही तेवढंच खरं.

25 ऑक्टोबर 1795 रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालच्या कारंज्यावर पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. उडी मारली की तापात तोल गेला, यावर इतिहासकार अजून भांडतात. वय 21. मूलबाळ नव्हतं. गादी अखेर त्याच बाजीरावाकडं गेली आणि 1818 मध्ये पेशवाई संपली.

पर्वतीखाली पुन्हा प्राणी आले ते थेट पेशवे पार्कमध्ये. 1956 साली तिथं फुलराणी धावू लागली. पुढं प्राणी कात्रजच्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात हलवले गेले. त्यामुळं आता पोरांना वाघ दाखवायचा असेल तर स्वारगेटला न उतरता पुढं कात्रजला जायचं. वाटेत डोंगरावर पर्वतीची देवळं दिसतात, शिकारखाना त्यांच्याच पायथ्याशी होता.