टिंडेल आणि एक ग्रीक क्रियापद

विल्यम टिंडेल यांचा जन्म इ. स. १४९४ च्या सुमारास इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात झाला. ऑक्सफर्ड येथे विद्याभ्यास करून ते धर्मोपदेशक झाले. त्या काळी बिशपच्या अनुज्ञेवाचून शास्त्राचे इंग्रजी भाषांतर करण्यास बंदी होती. म्हणून १५२४ साली ते जर्मनीस गेले आणि १५२६ साली वर्म्स येथे त्यांचा नवा करार छापून निघाला.

हे भाषांतर लॅटिनवरून नव्हे, तर मूळ ग्रीकावरून केलेले होते. त्या ग्रीकात 'मेटानोएइटे' असे एक आज्ञार्थी, अनेकवचनी क्रियापद आहे. 'मेटा' या उपसर्गात पालटाचा भाव असून 'नूस' म्हणजे मन. तेव्हा मन पालटा, हा त्याचा धात्वर्थ. शिवाय रूप वर्तमानकाळी अंगाचे असल्याने ही क्रिया एकदा करून संपत नाही, असाही ध्वनी त्यातून निघतो. लॅटिन प्रतीतील शब्दांचा अर्थ मात्र लोक प्रायश्चित्त करा, असा घेत. म्हणजे पुरोहिताने नेमून दिलेला विधी. टिंडेल यांनी तेथे 'रिपेंट' हा शब्द योजिला. (आपल्या 'पश्चात्ताप' शब्दात मनाचा उल्लेख नाही, मागाहून होणारा ताप आहे, हेही पाहण्यासारखे आहे.)

एवढ्याशा शब्दाने काय बिघडते, असे बालवाचकांस वाटेल. परंतु सर टॉमस मोर यांच्यासारख्या पंडिताने १५२९ साली अशाच शब्दांवरून टिंडेल यांच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. १५३५ साली अँटवर्प येथे विश्वासघाताने ते पकडले गेले, व पुढील वर्षी व्हिलव्होर्ड येथे गळा आवळून त्यांचा देह जाळण्यात आला. १६११ च्या राजमान्य इंग्रजी भाषांतरात त्या ठिकाणी त्यांचाच शब्द आहे.